मिनिटाला किती शब्द?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आमची नात बंगळूरहून सुटीला पुण्यास आली होती. वय वर्षे तेरा, इयत्ता आठवी, शाळा अर्थातच इंग्रजी माध्यमाची. बरोबर आणलेल्या दोन जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या तिने दोन दिवसांत फस्त केल्या आणि तिसऱ्या दिवशी वाचायला काही उरले नाही म्हणून कपाट धुंडाळता धुंडाळता तिच्या हाती आजीची वही लागली.

ही वही म्हणजे आमच्या घरातला एक ऐवज आहे. लाल पुठ्ठ्याची, कडा झिजलेली, मधली पाने तुपाने पारदर्शक झालेली. फराळाची प्रमाणे, दूधवाल्याचा हिशेब, कुणाच्या मुंजीला काय आहेर केला त्याची नोंद, मुलाला गोवर आला ती तारीख, सगळे एकापाठोपाठ एक. ती लिहिणारी जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. मी ती वही अधूनमधून उघडत असे, पण दुसऱ्या कुणी उघडावी असे मात्र फार वाटे.

नातीने उघडली. बोट ठेवून, अक्षरे जुळवत ती वाचू लागली. "चि... व... डा. पा-त-ळ पो-हे..." पाच ओळींत तिची दमछाक झाली. वही मिटून ती म्हणाली, "आबा, मराठी वाचायला किती वेळ लागतो हो! इंग्लिश कसं पटापट होतं. मराठी स्लो लँग्वेज आहे का?"

मी अडतीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधकाचे काम केले. म्हणजे मराठी वाचण्यावरच माझे घर चालले. माझ्या तोंडावर, माझ्याच घरात, मराठी मंद आहे म्हणून सांगितले जावे! राग आला, पण उत्तर मात्र सुचेना. कारण खरोखरच एखादी भाषा वाचायला हळू आणि दुसरी जलद असते काय, याचा विचार मी जन्मात कधी केला नव्हता. तिला म्हटले, "थांब, शोधून सांगतो." ते शोधण्यात माझे पुढचे सात-आठ महिने गेले. जे हाती आले ते या फराळाच्या ताटात वाढतो आहे.

मोजायचे काय?

आरंभ घरातच केला. नातीच्या पुस्तकातली सारख्या लांबीची दोन पाने निवडली, प्रत्येकी सुमारे तीनशे शब्दांची. त्यांतल्या एकाचे शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंकडून सोप्या मराठीत भाषांतर करून घेतले. ते भरले दोनशेवीस शब्दांचे. मग स्वयंपाकघरातल्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर आम्हा आजा-नातीची शर्यत लागली. मनातल्या मनात वाचायचे आणि वाचून झाल्यावर काय वाचले ते सांगायचे.

नातीने इंग्रजी पान दीड मिनिटात संपवले. मराठीला तिला चार मिनिटे लागली. माझे बरोबर उलट झाले. मराठी पान एक मिनिट वीस सेकंदांत, आणि इंग्रजीला पुरती दोन मिनिटे. म्हणजे पहिली गोष्ट तिथल्या तिथे निकालात निघाली. मंदपणा भाषेत असता, तर तो दोघांनाही सारखाच भोवला असता.

पण खरी मौज पुढेच आहे. मी कागद-पेन्सिल घेऊन माझा वेग काढला. मराठी, मिनिटाला एकशेपासष्ट शब्द. इंग्रजी, मिनिटाला दीडशे. शब्द मोजले तर मी दोन्ही भाषांत जवळजवळ सारखाच! आणि घड्याळ तर सांगत होते की तेवढाच मजकूर मला इंग्रजीत दीडपट वेळ घेतो. हे गौडबंगाल काय?

गौडबंगाल 'शब्द' या मापात आहे. 'घरातल्यांनासुद्धा' हा आपला एक शब्द. इंग्रजीत तेच सांगायला 'इव्हन टू दोज इन द हाऊस' असे सहा शब्द लागतात. आपण विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटवतो. इंग्रज ती सुटी मांडतो. फिनलंडचे लोक तर आपल्यावरही कडी करतात. त्यांचा 'तालोस्सानिकिन' हा एक शब्द म्हणजे 'माझ्या घरातसुद्धा'. तेव्हा शब्द मोजून दोन भाषांची तुलना करणे म्हणजे एकाने भरलेली पोती मोजायची आणि दुसऱ्याने पिशव्या.

बरे, शब्द सोडून अक्षरे मोजावीत, तर तिथेही पंचाईत. 'स्त्री' हे एक अक्षर की चार? तोंडातून तर स, त, र आणि ई असे चार ध्वनी निघतात, पण डोळ्यांना दिसते एकच जोडाक्षर. चिनी लिपीत एक अक्षर म्हणजे बहुधा एक अर्थपूर्ण घटक, कधी अख्खा शब्दच. त्याची बरोबरी रोमन लिपीतल्या एका 'ए'शी किंवा 'बी'शी कशी करणार?

डोळा चालत नाही, उड्या मारतो

मोजमापाचा घोळ तात्पुरता बाजूला ठेवून मी म्हटले, आधी डोळा काय करतो ते पाहू. आपली समजूत अशी की, आगगाडी रुळांवरून जाते तसा डोळा ओळीवरून सरकत जातो. पॅरिसचे नेत्रवैद्य एमिल झावाल यांनी १८७९ च्या सुमारास लिहून ठेवले की, तसे मुळीच नाही. डोळा उड्या मारतो. एका ठिकाणी क्षणभर थांबतो, टुणकन पुढे जातो, पुन्हा थांबतो. दिसते ते थांबलेले असताना; उडी चालू असताना आपण वाचनापुरते आंधळेच असतो.

पुढे अमेरिकेत एडमंड ह्युई नावाच्या गृहस्थांनी याचा छडा लावण्यासाठी जे केले ते ऐकून अंगावर काटा येतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यात बधिर करणारे औषध घालायचे, बुबुळावर प्लॅस्टरची बारीकशी वाटी बसवायची (मध्ये पाहण्यापुरते भोक ठेवून), त्या वाटीला एक हलका दांडा जोडायचा आणि डोळा हलेल तसतशी त्या दांड्याच्या टोकाने काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेघ उमटायची. ह्युई यांचा वाचनावरचा ग्रंथ १९०८ साली निघाला. आज हेच काम कॅमेरा दुरून करतो आणि डोळ्याला कसला पत्ताही लागत नाही.

या मोजण्यांतून असे दिसले की, इंग्रजी वाचणारा सराईत माणूस एका थांब्यावर सेकंदाचा साधारण चौथा हिस्सा थांबतो आणि सात-आठ अक्षरांची उडी घेतो. थांबला असताना तो डावीकडची तीन-चार अक्षरे आणि उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरांपर्यंतची चाहूल घेतो. म्हणजे डोळ्याची खिडकी दोन्ही बाजूंना सारखी उघडी नसते. जिकडे जायचे तिकडे ती अधिक उघडी असते.

मग उजवीकडून डावीकडे वाचणाऱ्यांचे काय? १९८१ साली हिब्रू वाचणाऱ्या इस्रायली लोकांवर हे तपासले गेले. त्यांची खिडकी डावीकडे उघडलेली निघाली. आणि तीच माणसे इंग्रजी वाचू लागली की खिडकी उजवीकडे! हे वाचून मी मनोमन हात जोडले. ज्याने ही सवय लावली तो डोळा नव्हे, तो सरावच.

चिनी वाचकाची खिडकी अगदी लहान असते. डावीकडे एक अक्षर आणि उजवीकडे तीन. आपल्याला वाटेल, बिचारा! परंतु त्या तीन अक्षरांत इंग्रजीच्या दहा-बारा अक्षरांचा माल भरलेला असतो.

सतरा भाषांची शर्यत

माझ्या स्वयंपाकघरातली शर्यत जगाने फार मोठ्या प्रमाणावर आधीच लावून ठेवली होती. जर्मनीतल्या ट्युबिंगन येथील नेत्रतज्ज्ञ सुझाने ट्राउत्सेटल-क्लोसिन्स्की आणि त्यांच्या देशोदेशीच्या सहकाऱ्यांनी सतरा भाषांत एकाच अर्थाचे, सारख्या सोपेपणाचे उतारे तयार केले. अठरा ते पस्तीस वर्षांच्या ४३६ निरोगी माणसांना ते आपापल्या मातृभाषेत मोठ्याने वाचायला लावले. निकाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. मूळ हेतू दृष्टी अधू झालेल्या रुग्णांचे वाचन मोजता यावे असा व्यवहाराचा होता, पण आपल्यासारख्या चौकस माणसाला त्यात खजिनाच आहे.

मिनिटाला शब्द मोजले तर इंग्रजी २२८ वर, सर्वांत पुढे. स्पॅनिश २१८. फिनिश १६१ आणि अरबी १३८. माझ्या नातीने हा एवढाच तक्ता पाहिला असता, तर तिने अरबीला मराठीच्या शेजारी 'स्लो'च्या बाकावर बसवले असते.

पण आता अक्षरे मोजा. फिनिश मिनिटाला १०७८ अक्षरे, इंग्रजी ९८७. मागचा गडी एकदम पुढे! आणि चिनी? २५५. म्हणजे या मापाने चिनी माणूस फिनलंडवाल्याच्या पाव वेगानेसुद्धा वाचत नाही. हे खरे मानायचे काय? मुळीच नाही. मापेच खोटी.

त्या संशोधकांनी तिसरे माप लावले ते सर्वांत शहाणपणाचे. शब्द नको, अक्षरेही नकोत. अख्खा उतारा किती वेळात संपला ते पाहू. सतरा भाषांची सरासरी निघाली मिनिटाला १.४२ उतारे. या मापाने भाषाभाषांतला फरक एकदम आटला. अक्षरांच्या मापाने भाषा सरासरीपासून सुमारे सत्तावीस टक्के इकडेतिकडे पसरलेल्या दिसतात, शब्दांच्या मापाने सोळा टक्के. अर्थ मोजला की जेमतेम नऊ टक्के. लहान-मोठी भांडी निरनिराळी, पण पाणी जवळपास सारखेच.

या सतरांत मराठी नाही, हिंदी नाही, आपली एकही भारतीय भाषा नाही, याची हळहळ मात्र वाटली.

पुढे २०१६ साली चिनी, इंग्रजी आणि फिनिश या तीन अगदी परस्परविरुद्ध भाषांचे वाचक डोळ्यांच्या हालचालींसकट तपासले गेले. चिनी वाचकाच्या उड्या लहान, थांबे निराळे. फिनिश वाचक लांबलचक शब्दांवर दोन-दोनदा टेकणारा. तपशिलात सगळा फरकच फरक. पण अख्खे वाक्य वाचून समजायला लागणारा वेळ मात्र तिघांचा जवळजवळ सारखा.

बोलण्याचेही असेच आहे म्हणे. २०१९ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी सतरा भाषांतले बोलणे मोजले (या सतरा आणि वरच्या सतरा एकच नव्हेत). काही भाषा तुरुतुरु बोलल्या जातात, पण त्यांच्या एकेका अवयवात माहिती थोडी. काही सावकाश बोलल्या जातात, पण एकेक अवयव भरगच्च. गुणाकार केला की सगळ्या भाषा सेकंदाला सुमारे एकोणचाळीस बिट, म्हणजे माहिती मोजण्याच्या त्या बारीक मापाने सारखाच माल पोचवतात. लगाम भाषेच्या हाती नसून माणसाच्या मेंदूच्या हाती असावा, असे दिसते.

मोकळी जागा

तर मग लिपीचा काहीच प्रभाव नाही काय? तसेही नाही. लिपी अडवते, लिपी हात देते. याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे जी छापलेलीच नसते, ती गोष्ट. दोन शब्दांमधली मोकळी जागा.

प्राचीन रोमन लोक लॅटिन लिहीत ते शब्दांमध्ये जागा न सोडता, सलग. अशी सलग अक्षरांची माळ बहुधा मोठ्याने उच्चारूनच सोडवली जाई. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीन यांनी, बिशप अँब्रोज ओठ न हलवता मुकाट्याने वाचत बसत, याची मुद्दाम नोंद केली आहे, ती उगाच नव्हे. पुढे सातव्या-आठव्या शतकांत आयर्लंडमधल्या मठवासीयांनी शब्द सुटे लिहिण्याचा प्रघात पाडला. का? तर लॅटिन ही त्यांची मायबोली नव्हती. शब्द कुठे संपतो हे रोमन माणसाला कान सांगत असे. आयरिश माणसाला ते डोळ्याने दिसावे लागे. परक्यांनी आपल्या अडचणीपायी केलेली ही सोय सगळ्या युरोपने उचलली.

ती सोय किती मोठी? इंग्रजीतल्या मोकळ्या जागा काढून टाकल्या तर वाचनाचा वेग तीस ते पन्नास टक्क्यांनी खाली येतो, असे प्रयोगांत दिसले आहे. उलट थाई लिपीत शब्द सलगच लिहितात आणि तिथे जागा सोडून पाहिल्या तर वाचन सुधारले. चिनीतही शब्द सलग. पण तिथे २००८ सालच्या प्रयोगात जागा सोडून ना फायदा झाला ना तोटा. जन्मभराची सवय आणि नवी सोय एकमेकींना पुरून उरल्या.

आजोबांचा रुमाल

सलग लिपीचा हा मजकूर वाचताना माझ्या छातीत लकाकले. कारण तसली एक लिपी आमच्याच माळ्यावर आहे.

माझ्या आजोबांचे कागद एका तांबड्या फडक्यात बांधलेले आहेत. जुन्या दप्तरांत अशा गाठोड्याला रुमाल म्हणतात. सगळे कागद मोडीतले. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली बोरू न उचलता सपासप लिहीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत, शब्दांत जागा नाही. लिहिणाऱ्याच्या वेगाची ही लिपी. कारकुनाने, सावकाराने, चिटणिसाने तीत झपाझप लिहावे. वाचणाऱ्याची सोय मात्र बाळबोधीत, म्हणजे आपल्या देवनागरीत. एकाच भाषेच्या संसारात एक लिपी हाताची आणि एक डोळ्यांची, अशी ही वाटणी होती. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या वधाशी जोडलेली 'ध चा मा' केल्याची आख्यायिका प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे. 'धरावे'चे 'मारावे' झाले म्हणतात. आख्यायिका खरी असो वा खोटी, एका अक्षराने काय होते हे सांगायला तिच्याइतके चांगले उदाहरण मुद्रितशोधकाला दुसरे मिळणार नाही.

१९१७ साली मुंबई सरकारने कारभारात मोडीऐवजी बाळबोधीचा अंगीकार केला. शाळांतून मोडी त्यानंतरही बरीच वर्षे शिकवली जात होती, पण ती मागे पडत गेली. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भागांत छापले गेले, म्हणून आपल्याला ते बाळबोधीत वाचता येतात. पण न छापलेले मोडी कागद पुण्यात आणि दूर तंजावरातही ढिगांनी आहेत. ते मराठीतच आहेत. माझ्याच मायबोलीत. आणि मला त्यांतली एक ओळ वाचता येत नाही.

माझ्या वडिलांना येत होती. ते १९८८ साली गेले. त्यांच्या हयातीत मी एकदाही म्हटले नाही, "दादा, हा रुमाल एकदा वाचून दाखवा ना." सवड नव्हती, छापखान्यात प्रुफे पडलेली असत. ते गेल्यावर दहा वर्षांनी एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडून दोन पाने वाचून घेतली. भात किती पिकले, सारा किती भरला, अशा नोंदी. आणि त्यांतच एक ओळ, की भिकबाळी गहाण ठेवून थोरल्याची फी भरली. थोरला म्हणजे माझे वडील. आमच्या घरात शिक्षण आले ते त्या भिकबाळीवर स्वार होऊन, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी एका परक्या माणसाने वाचून सांगितले. वडिलांना ते ठाऊक होते काय, हे विचारायला आता कुणी उरले नव्हते.

नातीने वही मिटली तेव्हा मला जो राग आला तो मराठीच्या अपमानाचा नव्हता, हे मला इथे कळले. ती भीती होती. एका पिढीची सवय तुटली की अख्खा रुमाल मुका होतो, हे मी एकदा अनुभवले होते. आता तिच्या आजीच्या वहीची पाळी होती.

आपली बाळबोध

तेव्हा मी देवनागरीची कुंडली मांडली. तिच्या जमेला मोठी गोष्ट आहे. लिहिले तसे वाचायचे. २००३ साली युरोपातल्या तेरा भाषांतली पहिलीची मुले तपासली, तेव्हा बहुतेक देशांतली मुले ओळखीचे शब्द शंभरातले नव्वदांहून अधिक बिनचूक वाचत होती. इंग्रजी शिकणारी स्कॉटलंडची मुले शंभरात चौतीस. पोरे मंद नव्हती, स्पेलिंगे वेडीवाकडी होती. एकच भाषा दोन लिप्यांत वाचणाऱ्यांचाही अभ्यास झाला आहे. हिंदी आणि उर्दू दोन्ही लिप्या जाणणाऱ्यांनी देवनागरीतले शब्द उर्दूतल्या शब्दांपेक्षा जलद वाचून दाखवले, असे २०११ साली दिसून आले. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत आणि अक्षरांची रूपे जागेप्रमाणे पालटतात. देवनागरी सगळे उघड करून सांगते.

खर्चाच्या बाजूलाही रकमा आहेत. ऱ्हस्व इकार उच्चारायचा व्यंजनानंतर आणि लिहायचा व्यंजनाआधी. 'कि' वाचताना डोळ्याला आधी वेलांटी भेटते आणि जिभेला आधी 'क'. हिंदी वाचकांवरच्या २००२ सालच्या प्रयोगात असे शब्द थोडा अधिक वेळ घेतात असे आढळले. शिवाय अक्षरांची संख्या. इंग्रजी मूल सव्वीस अक्षरे शिकले की धडा संपला. आपल्याला बाराखडी, तिच्यावर जोडाक्षरे. रफार वर, उकार खाली. कन्नड मुलांच्या अभ्यासात असे दिसले की, अक्षरांचा हा सगळा संसार अंगवळणी पडायला चौथी-पाचवीपर्यंतचा काळ जातो. कन्नडची मांडणी आपल्यासारखीच आहे. म्हणजे आमच्या नातीने मराठीत वाचली ती फक्त सुटीतली काही पाने. जिथे चार-पाच वर्षे रोज वाचायला हवे, तिथे चार-पाच दुपारी. दोष लिपीचाही नव्हे आणि पोरीचाही नव्हे.

सराव काय करतो ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या छापखान्यात खिळे जुळवणारे एक वृद्ध जुळारी होते. शिशाचा खिळा उलटा, ओळ उलटी. आरशात पाहावे तसे सगळे. ते गृहस्थ ती उलटी ओळ आपण वर्तमानपत्र वाचतो तितक्या सहज वाचत आणि मला म्हणत, "रावसाहेब, तुमचं सरळ वाचायला मला जरा वेळ लागतो बघा!"

वेग विकणारे

जाता जाता एक सूचना. 'मिनिटाला हजार शब्द वाचा' असे सांगून शिकवण्या विकणारे लोक १९५९ पासून, म्हणजे अमेरिकेत एव्हलिन वुड बाईंनी त्याचा बाजार मांडला तेव्हापासून आहेत. २०१६ साली नामवंत संशोधकांनी सगळा पुरावा तपासून सांगितले की, वेग वाढवला की समज घटते. याला पळवाट नाही. बेल्जियमचे मार्क ब्रिसबर्ट यांनी १९० अभ्यास एकत्र करून २०१९ साली दाखवले की, मुकाट्याने इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढाचा सरासरी वेग माहितीपर लेखनात मिनिटाला २३८ शब्द आणि कथा-कादंबऱ्यांत २६० आहे. आपण समजतो त्याहून तो कमीच. तेव्हा तुमची मुले हजार शब्द वाचत नसतील तर फी भरायला धावू नका. वेग वाढवण्याची खरी वाट एकच. शब्दांशी ओळख वाढवणे, म्हणजे पुष्कळ वाचणे.

वही

हे सगळे मी नातीला पत्राने कळवले, मुद्दाम मराठीत, मोठ्या अक्षरांत. महिन्याला एक पत्र. पहिल्याला उत्तर आले, "आबा, वीस मिनिटं लागली." मे महिन्यात आले, "सहा मिनिटं. पण 'गौडबंगाल' म्हणजे काय?"

यंदा ती दसऱ्याच्या सुटीत आली आणि आपण होऊन वही मागून घेतली. रोज रात्री जेवणानंतर एक पान, मोठ्याने. अजून तिचे बोट ओळीवर असते. अजून रफार आला की ती अडखळते. चौथ्या रात्री ती पुन्हा त्या चिवड्याच्या पानाशी आली. पातळ पोहे, शेंगदाणे, डाळे, कढीपत्ता. ते पान मी दोन वर्षांत वीस वेळा तरी वाचले असेन. प्रमाणे मला तोंडपाठ आहेत.

"मिरच्या... अर्ध्याच," नात वाचत होती. "यांना... ति-खट... सो-स-त नाही... पण सांगत नाहीत."

मी म्हटले, "काय? पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचले. समासात, बारीक अक्षरांत, आडवे लिहिलेले होते. अडतीस वर्षे लोकांच्या मजकुरातला अनुस्वार न सोडणारा मी, माझ्या घरातली ती ओळ दरवेळी ओलांडून पुढे गेलो होतो. मला वेग होता ना! तिला तो नव्हता म्हणून तिला ती सापडली.

वाचकहो, तुमच्याही घरी अशी एखादी वही, एखादा पत्रांचा गठ्ठा, एखादा रुमाल असेलच. या दिवाळीत साफसफाईत तो हाती आला तर घरातल्या मुलांकडून वाचून घ्या. घड्याळ मात्र लावू नका.

आमच्याकडे यंदाच्या चिवड्यात मिरच्या अर्ध्याच आहेत. घातल्या नातीने, वही समोर ठेवून.